मला कधीच त्रास झाला नाही!

जर्मनीत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात एक वाक्य निदान दहा वेळा ऐकावं लागतं. वॉशिंग मशीन कुठलं घेऊ? "आमचं बारा वर्षं आहे, कधीच त्रास नाही." जुनी गाडी घेऊ का? "घे की, जर्मन आहे. मला कधीच त्रास झाला नाही." हे वाक्य तुम्ही म्हटलं असेल, मीही म्हटलं आहे. आज मला त्या वाक्याविरुद्धच लिहायचं आहे. ते निरुपद्रवी नाही, आणि ते पुरावा तर मुळीच नाही.

उदाहरण मात्र वॉशिंग मशीनचं घेणार नाही. उदाहरण आहे माझ्या शिकारीच्या रायफलीचं.

थांबा, लगेच पान बंद करू नका. शिकार करावी की नाही हा वाद मोठा आहे आणि आज तो माझा विषय नाही. एवढंच सांगते की इथे परवाना मिळवायला मोठी परीक्षा द्यावी लागते. प्राणिशास्त्र, कायदा, शस्त्रं, मांसाची तपासणी असं सगळं तीत येतं, आणि लोक तिला गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. आज देशात चार लाखांहून अधिक परवानाधारक आहेत. ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला राहणारी, पोलादाच्या थकव्यावर संशोधन करणारी मी त्यांतली एक. माझे आजोबा कुडाळजवळच्या गावात रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक बाळगायचे, म्हणून घरच्यांना माझं हे वेड अगदीच परकं वाटलं नाही.

रायफल मी जुनी घेतली. पोस्टडॉकच्या पगारात नवी परवडत नाही, आणि दर दोन वर्षांनी करार संपणाऱ्या माणसानं एवढा पैसा पोलादात घालूही नये. शेजारच्या गावातला एक म्हातारा शिकारी डोळ्यांच्या त्रासामुळे शिकार सोडत होता. त्यानं आपली बोल्ट-अॅक्शन रायफल दुर्बिणीसकट विकायला काढली होती. बोल्ट-अॅक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं दांडा उचलायचा, मागे ओढून रिकामी पुंगळी बाहेर काढायची, पुढे ढकलून नवं काडतूस नळीत घालायचं आणि दांडा खाली पाडून कुलूप लावायचं. साधी, जुनी, उत्तम पद्धत. बनवणाऱ्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. म्हातारा म्हणाला, "चाळीस वर्षं वापरतोय. एकदाही दगा दिला नाही." त्याच्या स्वयंपाकघरातली कॉफी पीत मी ते ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या वाक्यासाठीच मी ती घेतली.

पहिल्या नोव्हेंबरात तिनं छान काम केलं. हिवाळाभर ती कपाटात होती. मे महिन्यात रेह जातीच्या लहान हरणांच्या नरांचा हंगाम सुरू झाल्यावर मी एका संध्याकाळी मचाणावर जाऊन बसले. बसण्याआधी शूटिंग रेंजवर जाऊन दुर्बीण अजून जागेवर आहे ना हे एका गोळीनं तपासायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी गेले नाही. चाळीस वर्षं दगा न देणारी रायफल सहा महिन्यांत काय दगा देणार?

नर ऐंशी मीटरवर आडवा उभा होता. मी चाप ओढला. तो पडला, उठला, आणि पुढचा एक पाय लोंबकळत ठेवून झाडीत गेला.

अशा वेळी मागे धावायचं नसतं. घाबरलेलं जनावर आणखी लांब जातं. जखमी जनावराचे हाल थांबवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि त्यासाठी खास शिकवलेले, रक्ताचा माग काढणारे कुत्रे आणि त्यांचे मालक असतात. मी फोन केला. अंधार पडत होता, म्हणून ते पहाटे आले. रात्रभर मला झोप लागली नाही. त्या नराची रात्र कशी गेली असेल त्यापुढे हे काहीच नव्हे. सकाळी कुत्र्यानं सहाशे मीटरवर त्याला शोधलं. तो जिवंत होता. कुत्र्याच्या मालकानं काम संपवलं आणि मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात रेंजवर कागदावर पाच गोळ्या मारल्या. पाचही पाच ठिकाणी गेल्या. रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेली. त्यानं दुर्बीण उतरवली आणि तिची बैठक धरणारा पुढचा स्क्रू मला दाखवला. तो सैल होता, आणि त्याच्या आट्यांवर वाळलेला गोंद होता. एक नव्हे, दोन वेगळ्या रंगांचे थर. म्हणजे हा स्क्रू आधी किमान दोनदा सैल झाला होता आणि कुणीतरी दोनदा चिकटवला होता.

मी म्हाताऱ्याकडे गेले. त्यानं काहीही लपवलं नाही. "अगं, ते होय? तो काय त्रास झाला? स्क्रू घट्ट केला की झालं." वर म्हणाला, "शिवाय तूच तपासून जायला हवं होतंस." हे दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि त्याचा दोष मी कुणावर टाकत नाही. पण त्याचं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. तो खोटं बोलत नव्हता. चाळीस वर्षांतले सगळे त्रास त्यानं प्रामाणिकपणे 'त्रास' या खात्यात घातलेच नव्हते. 'मला कधीच त्रास झाला नाही' या वाक्याचा पहिला दोष हा आहे: ते झालेल्या घटनांची मोजणी नसते, फक्त लक्षात राहिलेल्या घटनांची असते. आणि आवडत्या वस्तूच्या बाबतीत आपल्या लक्षात फार थोडं राहतं.

आता समजा की म्हाताऱ्याची आठवण पक्की होती आणि खरोखर काहीही झालं नव्हतं. तरी काय सिद्ध होतं? थोडं गणित करू. शिकारी आणि सराव मिळून वर्षाला तीस गोळ्या धरा. चाळीस वर्षांत बाराशे. बाराशे वेळा एकदाही बिघाड नाही. संख्याशास्त्रात अशा वेळी वापरायचा एक सोपा ठोकताळा आहे: बिघाड शून्य असेल तर तीनला प्रयोगांच्या संख्येनं भागा. त्यापेक्षा जास्त वारंवारता नसावी असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. तीन भागिले बाराशे म्हणजे चारशेत एक. चाळीस निष्कलंक वर्षांतून एवढंच निघतं की बिघाड बहुधा चारशे गोळ्यांत एकापेक्षा जास्त नाही. चार लाख शिकारी वर्षाला तीस गोळ्या मारत असतील तर त्या झाल्या एक कोटी वीस लाख, आणि चारशेत एक म्हणजे वर्षाला तीस हजार बिघाड! असं प्रत्यक्षात होतं असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या आयुष्यभराच्या अनुभवातून एवढी भयंकर शक्यतासुद्धा खोडता येत नाही, एवढंच म्हणते. तुमची बारा वर्षं चाललेली गाडी तर एकच गाडी आहे.

पोलादाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी उलटी आहे, आणि इथे मी माझ्या पोटापाण्याच्या विषयावर बोलते. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्यानं रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एका झटक्यात मोडायला लागतो त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा दिला तरी आस मोडतो, हे त्यानं दाखवलं. प्रत्येक फेरा आयुष्यातून काहीतरी वजा करतो. 'इतकी वर्षं टिकला, म्हणजे पुढेही टिकेल' हे आपण म्हणतो. पोलाद म्हणतं, 'इतकी वर्षं टिकलो, म्हणजे आता थोडीच उरली.'

"पण जर्मन रायफल म्हणजे माउझर, आणि माउझर म्हणजे भरवसा," असं तुमच्यातले जाणकार म्हणतील. बरोबर. चला, माउझरकडेच जाऊ. माझ्या घरापासून फार लांब नाही. नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या वुर्टेम्बर्गच्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या कारागिराची मुलं म्हणजे विल्हेल्म आणि पाउल माउझर. पाउल तेरा भावंडांत धाकटा. जर्मन सैन्यानं १८९८ साली स्वीकारलेली त्याची ९८ रायफल ही आजच्या बहुतेक बोल्ट-अॅक्शन शिकारी रायफलींची आजी. गावात शस्त्रांचं संग्रहालय आहे. तिथे तिचा बोल्ट जवळून पाहता येतो.

तो बोल्ट नीट पाहिला की लक्षात येतं, तो बनवणाऱ्या माणसाचा कशावरही भरवसा नव्हता. कुलपाचे दोन दात पुढे पुरेसे होते. ते तुटले तर, म्हणून मागे तिसरा. काडतूस फुटून गरम वायू मागे आला तर, म्हणून बोल्टला दोन लांबट भोकं, तो वायू बाजूला सोडण्यासाठी. तरी काही चेहऱ्याकडे आला तर, म्हणून मागे रुंद कड. घाबरलेल्या माणसानं बोल्ट अर्धवट ओढून पुन्हा ढकलला तर दोन काडतुसं एकमेकांत अडकतील, म्हणून लांब पोलादी पकड अशी बसवली की ती काडतूस पेटीतून वर येतानाच त्याची कड धरते आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. फायरिंग पिन मोडली तर, म्हणून बोल्ट पूर्ण बंद झाल्याशिवाय तिचा तुकडा पुढे जाऊ नये अशी खाच. त्या बोल्टवरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकेका 'जर'साठी आहे. १९०१ साली एका स्वयंचलित रायफलीच्या चाचणीत खुद्द पाउल माउझरचा डावा डोळा गेला. जगातली सर्वांत भरवशाची मानली जाणारी रायफल बनवणारा माणूस आपल्याच हत्यारानं एका डोळ्यानं अधू झाला होता. 'मला कधीच त्रास झाला नाही' असं म्हणण्याची त्याला सोय नव्हती.

याच ओबर्नडॉर्फचा एक धागा आपल्या लहानपणापर्यंत येतो. जिम कॉर्बेट तुम्ही वाचला असेल, मराठीत नाहीतर इंग्रजीत. चंपावतची नरभक्षक वाघीण त्यानं १९०७ मध्ये मारली. त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरनं त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची रायफल बक्षीस दिली. तिची अॅक्शन माउझरची. पण मला आठवतं ते बक्षीस मिळण्याआधीचं दृश्य. कॉर्बेटजवळ तीनच काडतुसं होती, ती संपली. जखमी वाघीण समोर. तो धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक घेऊन आला, आणि नेम धरताना त्याला दिसलं की नळ्या आणि मागचा भाग यांत चांगली पाऊण बोटाची फट आहे. मग त्यानं विचार केला: आधीच्या दोन बारांना फुटली नाही, तेव्हा बहुधा आताही फुटणार नाही, पण डोळे जाऊ शकतात. नेम धरला उघड्या तोंडावर, गोळी लागली पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी मरतच होती, म्हणून निभावलं. आपण हा प्रसंग धाडस म्हणून वाचतो. तो धाडसाचा आहेच. पण कॉर्बेटनं 'फुटली नाही' आणि 'डोळे जाऊ शकतात' ही दोन्ही वाक्यं लिहून ठेवली, आणि बंदूक किती खराब होती तेही. तहसीलदाराला विचारलं असतं, तर तो काय म्हणाला असता? "साहेब, इतकी वर्षं आहे, कधीच त्रास नाही."

जर्मन राज्याला या वाक्याची किंमत ठाऊक आहे, म्हणून ते मालकांना विचारतच नाही. १८९१ पासून इथे कायदा आहे की बंदूक विकण्याआधी सरकारी चाचणी केंद्रात तिच्यातून मुद्दाम जादा दाबाची काडतुसं उडवायची. रायफलीसाठी हा दाब कमाल मर्यादेच्या सुमारे सव्वापट असतो. टिकली, तर शिक्का बसतो. उल्मच्या केंद्राचा शिक्का हरणाच्या शिंगाचा. नळी किंवा बोल्ट बदलला तर चाचणी पुन्हा. कंपनी दीडशे वर्षांची असो, कारागिराचं नाव कितीही मोठं असो, शिंग उमटल्याशिवाय विक्री नाही. 'जर्मन क्वालिटी' म्हणून आपण जे मिरवतो ते जर्मन माणसाच्या रक्तात नसतं. ते असतं या अविश्वासात, जो कायद्यात लिहून ठेवला आहे. आपण इथे येऊन वस्तूंवर श्रद्धा ठेवायला शिकलो. ज्या शंकेतून त्या वस्तू घडल्या, ती मात्र घेतली नाही.

आणि अनुभवी माणसाची नजर? तिच्यापुढे तर आपण नेहमीच मान तुकवतो. तिचीही एक गोष्ट ऐका. अमेरिकी सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरवरच बेतलेली होती, इतकी की अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले. १९१७ मध्ये या रायफली वापरताना फुटू लागल्या. चौकशीत कळलं की कारखान्यातले जुने, मुरलेले लोहार पोलाद किती तापलं हे त्याच्या रंगावरून, डोळ्यांनी ठरवत होते. वर्षानुवर्षांचा अनुभव. पण उन्हाच्या दिवशी तापलेलं पोलाद डोळ्यांना कमी लाल दिसतं आणि ढगाळ दिवशी जास्त. उष्णतामापक लावल्यावर दिसलं की योग्य वाटलेला रंग प्रत्यक्षात कधीकधी तीनशे अंश फॅरनहाइटनं जास्त गरम होता. जळलेलं, ठिसूळ पोलाद. त्यानंतर पद्धत बदलली आणि साधारण आठ लाखांपुढच्या क्रमांकांच्या रायफली वेगळ्या रीतीनं तापवल्या गेल्या. जुलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्यानं हे सगळं पुढे सविस्तर लिहून ठेवलं.

यात खरी मेख कुठे आहे पाहा. जुन्या आठ लाखांपैकी फुटल्याची नोंद असलेल्या रायफली शंभरसुद्धा नाहीत. म्हणजे त्या काळात तुम्ही मालकांची मतं गोळा केली असती, तर जवळजवळ प्रत्येकानं शपथेवर सांगितलं असतं की त्याची रायफल उत्तम आहे. आणि ज्याच्या तोंडासमोर ती फुटली, त्याला बाकीच्यांनी काय सांगितलं असतं? "तुझंच काहीतरी चुकलं असेल."

आता तुम्ही म्हणाल, मग मालकांच्या अनुभवाला किंमतच नाही का? आहे, फार मोठी आहे. पण ती कौतुकात नसते, तक्रारीत असते. शंभर माणसं 'उत्तम चालते' म्हणाली, तर त्यातून कळतं की शंभर माणसं खूश आहेत. एकानं 'पहाटे थंडीत, उजवा हातमोजा घातलेला असताना, खटका पुढे केला आणि चाप न ओढता बार उडाला' असं लिहिलं, तर त्यातून तपासता येण्यासारखं काहीतरी मिळतं. अमेरिकेत १९६२ पासून विकल्या जाणाऱ्या रेमिंग्टन ७०० या लोकप्रिय बोल्ट-अॅक्शन रायफलीबद्दल नेमक्या अशाच तक्रारी येत राहिल्या: चापाला बोट न लावता उडाली. कंपनीनं दोष कधी मान्य केला नाही. तरीही २०१४ मध्ये तडजोड जाहीर झाली आणि २०१८ मध्ये ती अमलात आली: सुमारे ७५ लाख बंदुकींचे मालक ती यंत्रणा फुकट बदलून घ्यायला पात्र ठरले. किती जणांनी घेतली? फारच थोड्यांनी. बाकीच्यांना कधीच त्रास झाला नव्हता ना!

आणि तक्रार ऐकली नाही तर काय होतं, तेही याच देशात घडलं आहे. ३ जून १९९८ रोजी एशेडे गावाजवळ वेगवान आयसीई गाडी घसरून पुलावर आदळली आणि १०१ माणसं मेली. एका चाकाची पोलादी धाव थकव्याच्या भेगेमुळे तुटली होती. त्याआधी गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनी आवाज आणि कंपनांच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. माझ्या विषयातला प्रत्येक विद्यार्थी ही गोष्ट शिकतो. जगातली सर्वांत जर्मन म्हणावी अशी वस्तू होती ती, आणि लाखो प्रवाशांना तिचा कधीच त्रास झाला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं: जो 'कधीच त्रास नाही' म्हणतो तो फक्त निरुपयोगी माहिती देत नाही, तो उपयोगी माहितीचा गळा दाबतो. त्याच्या वाक्यानंतर तक्रार करणारा एकटा पडतो. आधी त्याच्या अकलेवर शंका, मग त्याच्या हातावर, मग त्याच्या नशिबावर. वस्तूवर शेवटी. शिकाऱ्यांच्या टेबलावर मी हे अनुभवलं आहे. बाई, परदेशी आणि नवशिकी: तीन कारणं आधीच तयार होती, चौथं स्क्रूचं कारण ऐकायला कुणाला वेळ नव्हता. आपल्या गणेशोत्सवातल्या जेवणाच्या टेबलावर काही वेगळं घडतं का? कुणी म्हणालं की अमुक गाडीचा गिअरबॉक्स ऐंशी हजार किलोमीटरला गेला, की सहा जण मिळून त्याला गाडी कशी चालवावी हे शिकवतात. पुढच्या वर्षी तो गप्प बसतो. आणि सातवा माणूस तीच गाडी घेतो.

गप्प बसण्याबद्दल मी अधिकारानं बोलू शकते. त्या मे महिन्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या एका मित्राचा फोन आला. त्याला त्याच प्रकारची, तशीच बैठक असलेली रायफल मिळत होती. "तुझा अनुभव काय?" त्यानं विचारलं. मला तो पाय लोंबकळलेला नर सांगावा लागला असता, रेंजवर न गेल्याचं कबूल करावं लागलं असतं. मी म्हणाले, "चांगली आहे. काही त्रास नाही." सहज तोंडातून गेलं, घरी आईला फोनवर 'सगळं ठीक' म्हणतो ना, तसं.

रात्री अकरा वाजता त्याला परत फोन केला आणि सगळं सांगितलं. स्क्रू, गोंद, पाच गोळ्या, नर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. बैठक आधी उतरवून बघतो." रायफल त्यानं घेतलीच, पण बैठक बदलून. खोटं 'काही त्रास नाही' मला एका सेकंदात सुचलं. खरं सांगायला पाच तास लागले. म्हणून हा लेख.

तुमच्याकडून मला फार मोठं काही नको. कुणी तुमचा अनुभव विचारला तर निकाल देऊ नका, नोंद द्या. किती वर्षं, किती वापर, काय काय बदललं, काय घट्ट केलं, कशाकडे दुर्लक्ष केलं. तुम्हीही विचारताना 'कशी आहे?' असं विचारू नका. विचारा, 'शेवटचं काय बिघडलं होतं?' ज्याला उत्तर देता येतं, त्याची वस्तू घ्या. ज्याला काहीच आठवत नाही, त्याच्याकडून घ्यायचीच असेल तर आधी सगळे स्क्रू काढून बघा. आणि तुमच्या टेबलावर कुणी तक्रार सांगत असेल, तर त्याचं काय चुकलं हे सांगण्याआधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

माझ्या कपाटात आता रायफलीशेजारी एक वही आहे. तारीख, गोळ्या, हवामान, काय सैल झालं, काय घट्ट केलं. दर हंगामाआधी तीन गोळ्या कागदावर, अपवाद नाही. रायफल तीच आहे, आणि चांगली आहे. पण ती वही काढून घेतलीत तर मी मचाणावर जाणार नाही.

आजोबा वही ठेवत नसत. त्यांची बंदूक पावसाळी दिवशी हमखास फुसकी जायची; केप फुटायची, पण आत दारू पेटायची नाही. अशा वेळी ते बंदूक हलवत नसत. नळी बांधाकडे धरून दगडासारखे उभे राहत, आत ठिणगी धुमसत असली तर ती विझेपर्यंत. मी जवळ जायला लागले की तोंड न वळवता म्हणायचे, "लांब ऱ्हव गो. हिचो भरवसो नाय." त्या बंदुकीनं त्यांना उभ्या आयुष्यात जखम केली नाही. आता तुम्ही सांगा, ती बंदूक भरवशाची होती का?